पायवाटांच्या देखभालीला स्वयंसेवक म्हणून जाणारे कोणी आहे का इथे? (चर साफ करण्याबद्दल प्रश्न)

चिखलपाय

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं डोंगरात चालतोय पण ज्या वाटेवरून चालतो ती कोण सांभाळतं हा विचार कधी केला नव्हता. गेल्या महिन्यात पहिल्यांदा चालायला न जाता वाट दुरुस्त करायला गेलो. डोक्यात असं होतं की नवीन वाट काढायची असेल, दगड रचायचे असतील, पायऱ्या वगैरे. प्रत्यक्षात आम्ही अकरा जणांनी सात तास फक्त चर साफ केले. म्हणजे वाटेवर तिरके खणलेले जुने चर, त्यात साठलेली माती, पानं, खडी काढायची आणि पुढच्या चराकडे जायचं. संध्याकाळी मागे वळून बघितलं तर वाट सकाळी होती तशीच दिसत होती.

खांदे दुखले त्याचं काही नाही, पण ज्यांनी आम्हाला नेलं त्यांनी कारण नीट सांगितलंच नाही आणि मलाही विचारायचं सुचलं नाही. पुढच्या महिन्यात परत बोलावलंय. जायची इच्छा आहे पण समजून जायचंय. तर अनुभवी लोकांना विचारतो, हे असंच असतं का? आणि या चरांनी नेमकं होतं काय?

पहारवाला

चिखलपाय, तुम्ही सात तास जे केलंत तेच मुख्य काम आहे हो. मी चौदा वर्षं हे करतोय आणि त्यातली बहुतेक वर्षं चरांतच गेली.

वाट कशाने खराब होते विचारलं तर लोक म्हणतात गर्दीने, बुटांनी. बुटांनी होतंच. पण बूट माती मोकळी करतात आणि ती घेऊन जातं ते पाणी. डोंगरावर पाऊस पडला की पाण्याला खाली जायला सगळ्यात सोपी जागा हवी असते, आणि आपण चालून चालून गवत मारलेली, माती दाबून गुळगुळीत केलेली, मधे थोडी खोलगट झालेली पट्टी त्याला आयती मिळते. पाणी एकदा वाटेवर चढलं आणि पुढे पन्नास शंभर पावलं त्याला कोणी बाहेर काढलं नाही तर वेग वाढत जातो, आणि वेग वाढला की आधी बारीक माती, मग वाळू, मग खडी असं सगळं वाहून जातं. दोन पावसाळ्यांत वाटेचा ओढा होतो. मग चालणारे त्या घळीतून चालायला कंटाळतात आणि शेजारच्या गवतावरून जातात, तिथे दुसरी पट्टी तयार होते, मग तिसरी. मी अशी एका ठिकाणी पाच पदरी झालेली वाट बघितलीय.

चर म्हणजे पाण्याला वाटेबाहेर जायचं दार. शेतात आपण पाणी अडवतो, जिरवतो. वाटेवर बरोबर उलटं, लवकरात लवकर आणि थोडं थोडं करून बाहेर काढायचं. पण पाणी चरापाशी हळू झालं की हातातला गाळ तिथेच टाकतं, म्हणजे चर जितकं चांगलं काम करेल तितका तो भरतो. भरलेला चर पुढच्या मोठ्या पावसात नसल्यासारखाच. म्हणून परत परत जावं लागतं.

आणि वाट सकाळी होती तशीच संध्याकाळी दिसली म्हणालात ना, पाच वर्षांनीही तशीच दिसली तर समजा काम उत्तम झालं.

रानवाटा

+१. वाचतेय. पहारवाला, चर काढताना लोक फावडं भरून माती जिथे टाकतात ती जागा महत्त्वाची असते का? आमच्या गटात दोन जण यावरून नेहमी वाद घालतात.

पहारवाला

खूप महत्त्वाची. चराच्या तोंडाशी खालच्या बाजूला ढीग केलात तर तुम्हीच दार लावून घेतलंत. काळी, पानांची कुजकी माती लांब उतारावर भिरकवायची, विखरून. खालची पिवळट लालसर, खडी असलेली माती मात्र वाटेला उपयोगी असते, दाबली की घट्ट बसते. ती वाटेवरच्या खड्ड्यात घाला आणि पायाने चोपा.

अजून दोन गोष्टी. चराचं तोंड फावड्याएवढंच ठेवू नका, निदान दोन तीन फावडी रुंद करा, अरुंद तोंड एका फांदीने बंद होतं. आणि चराचा कोन. वाटेला काटकोनात आडवा खणला तर पाणी थडकून थांबतं, गाळ टाकतं आणि वरून उडी मारून पुढे जातं. साधारण ४५ अंश किंवा थोडा जास्त तिरका असावा, म्हणजे पाणी वळतं आणि जाताना गाळही घेऊन जातं.

कातळकडा

पहारवाल्यांनी चरांचं सांगितलं ते सगळं बरोबर पण मला वाटतं चिखलपायना हेही कळायला हवं की चर हा उपचार आहे, आणि वाट मुळात नीट आखली तर असे चर फार कमी लागतात.

जुन्या वाटा बऱ्याचदा सरळ उताराच्या रेषेत वर चढतात, म्हणजे पाणी जसं खाली येईल त्याच रेषेत. तिथे पाण्याला बाहेर जायला जागाच नसते कारण दोन्ही बाजू वाटेपेक्षा उंच किंवा समान. नवीन वाट आखताना ती डोंगराच्या कुशीतून आडवी तिरकी न्यायची असते. ढोबळ नियम म्हणून दोन आकडे लक्षात ठेवतात, सरासरी चढ १० टक्क्यांच्या आसपास ठेवायचा, म्हणजे शंभर फूट आडवं जाताना दहा फूट उंची, आणि वाटेचा चढ तिथल्या डोंगरउताराच्या निम्म्यापेक्षा जास्त नको. डोंगर ३० टक्क्यांचा असेल तर वाट फार तर १५. याच्यावर गेलात की पाणी वाट ओलांडून खाली जाण्याऐवजी वाटेवरूनच धावायला लागतं. सपाटीवर लोकांना वाटतं सोपं असेल, पण निम्म्याचा नियम लावून बघा, उतार ६ टक्के असेल तर वाटेला ३ च मिळतात, आणि तिथे पाणी जायला जागा नाही म्हणून चिखल. सपाट जागेवरची वाट सगळ्यात अवघड.

वाटेचा पृष्ठभाग दरीच्या बाजूला किंचित कललेला हवा, तीन ते पाच टक्के, पायाला जाणवणार पण नाही इतका. आणि चढता चढता मधेच थोडासा उतार देऊन परत चढवायची, म्हणजे प्रत्येक खोलगटीत पाणी आपोआप बाहेर पडतं. हे मातीतच घडवलेलं असतं, त्यामुळे दगडी किंवा लाकडी आडव्या बांधासारखं उखडत नाही.

आता माझी चूक सांगतो कारण ती पुन्हा कोणी करू नये असं मनापासून वाटतं. तीव्र उतारावर वाट कापताना आम्ही निम्मी रुंदी डोंगरात खणली आणि निम्मी त्याच खणलेल्या मातीची भर घालून बनवली. मेहनत निम्मी झाली म्हणून खूश होतो. पहिल्या जोरदार पावसात भरीची बाजू साठ सत्तर फूट लांब एका पट्ट्यात खाली सरकली. कोणी तिथे नव्हतं म्हणून निभावलं. पूर्ण रुंदी मूळच्या न हललेल्या जमिनीत कापायची आणि निघालेली माती उतारावर पसरून टाकायची, हे नंतर शिकलो. वेळ दुप्पट लागतो. लागू दे.

चिखलपाय

बापरे, एवढं सगळं आहे यात. एक विचारतो. आम्ही गेलो त्या वाटेला दरीच्या बाजूच्या कडेवर वीतभर उंच मातीची वरंबी झाली होती सलग. मला वाटलं कोणी मुद्दाम केलीय, कठड्यासारखी. तिला हात लावला नाही. बरोबर केलं का?

कातळकडा

नाही, ती काढायची असते. मधोमध चालून वाट दबते, वरून माती घसरत येते आणि बाहेरच्या कडेवर साठते. वाट कलती असली तरी त्या वरंबीमुळे पाणी बाहेर पडत नाही, वाटेच्या पन्हळीत अडकून राहतं. पुढच्या वेळी नेणाऱ्यांना विचारा आणि काढा. त्यासाठी मॅक्लाउड नावाचं अवजार उत्तम, एका बाजूला रुंद सपाट पातं आणि दुसऱ्या बाजूला जाड दात. १९०५ च्या सुमारास अमेरिकेत एका वनरक्षकाने वणवा विझवायच्या कामासाठी बनवलं होतं, आता वाटांच्या कामात जास्त दिसतं. नसेल तर रुंद फावडं आणि दाताळं चालतं.

हिरवीफांदी

मंडळी माती पाण्यावर खूप झालं, थोडं झाडोऱ्याबद्दल पण बोलूया कारण स्वयंसेवक सगळ्यात जास्त नुकसान तिथे करतात आणि कोणी टोकत नाही. उत्साहाने कोयता चालवतात. झुडूप गुडघ्याएवढ्या उंचीवर तिरकं कापून ठेवलं तर तो भाला तयार होतो. कोणी घसरून पडलं तर थेट पोटात. मी अशी जखम बघितलीय म्हणून कळकळीने सांगते, कापायचं तर जमिनीलगत कापा किंवा मुळासकट काढा. फांदी कापताना खोडाला जिथे फुगीर कडं असतं त्याच्या जरा बाहेर कापा, खोडाला अगदी चिकटून कापलं तर झाडाला जखम भरता येत नाही आणि लांब खुंटी ठेवली तर ती कुजते. मोठी फांदी असेल तर आधी खालून थोडी कापून घ्या, नाहीतर पडताना साल सोलत नेते.

कापलेलं वाटेपासून लांब टाका, कापलेलं टोक वाटेकडे नको, आणि चरात तर अजिबात नको. फांद्या चराच्या तोंडात पडल्या की वरच्या सगळ्या मेहनतीवर पाणी.

आणि सगळं साफ करून रस्ता करू नका हो. दोन माणसं एकमेकांना ओलांडून जातील इतकं पुरे. उताराच्या वरच्या बाजूला जरा जास्त मोकळं ठेवा, कारण वरून झुडूप अंगावर आलं की माणूस नकळत दरीच्या कडेने चालायला लागतो आणि कड ढासळते. वाट हळूहळू खाली सरकते ती अशी.

धुकेरी

वाचून हुरूप आला. आमच्या भागात एक सुंदर कडा आहे तिथे जायला वाट नाही. मी आणि तीन मित्र पावसाळ्यानंतर स्वतःच काढायचा विचार करतोय, चार रविवारात होईल. आता आकडे पण कळले :) अजून काय काळजी घ्यावी?

पहारवाला

धुकेरी, हुरूप चांगला आहे पण थांबा. जमीन कोणाची आहे? वनखात्याची असो नाहीतर खाजगी, लेखी परवानगीशिवाय एक फांदीसुद्धा कापू नका. हे मी कायद्याच्या भीतीने म्हणत नाहीये फक्त. तिथे वाट नाही यामागे कारण असू शकतं, कड्यावर पक्ष्यांची घरटी असतील, दुर्मिळ झाडं असतील, माती सरकती असेल. ते बघायला माहितगार माणूस न्यावा लागतो. वाट झाली की लोक येणारच, आणि एकदा आलेले लोक परत नेता येत नाहीत.

दुसरं, चार रविवारात वाट होईल. दहाव्या वर्षी तिचे चर कोण काढणार?

धुकेरी

हे मला जरा निराश करणारं वाटलं. सगळ्या वाटा कधीतरी कोणीतरी न विचारताच पाडल्या ना? परवानग्या मागत बसलो तर काहीच होणार नाही. तुम्ही जुनी मंडळी नवीन लोकांना असंच थांबवता.

रानवाटा

धुकेरी, तुमचं म्हणणं समजतं, मलाही पहिल्यांदा राग आला होता. पण उदाहरण घ्या अमेरिकेतल्या अपालेशियन ट्रेल या लांब पायवाटेचं. कल्पना मांडली गेली १९२१ मध्ये, संस्था झाली १९२५ मध्ये आणि वाट सलग जोडली गेली १९३७ मध्ये. १४ राज्यांतून साधारण ३,५०० किलोमीटर. पण ती आज चालते आहे ती तीसेक क्लबांनी आपापले तुकडे वाटून घेतलेत म्हणून, आणि त्या क्लबांतही एकेका माणसाकडे काही किलोमीटर असतात. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये हेलीन चक्रीवादळाने तिच्या दक्षिण भागात अक्षरशः हजारो झाडं आडवी केली, पूल गेले, कडा वाहून गेल्या. लगेच करवती घेऊन उभं राहायला प्रशिक्षित माणसं तयार होती, कारण ती आधीपासून दरवर्षी तिथे जात होती. वाट काढणारे मिळतात हो, तिच्याशी बांधलेले राहणारे मिळायला हवेत.

तुम्ही चौघं आहात ना, ही फार मोठी गोष्ट आहे. आधी एक जुना, दुर्लक्षित तुकडा दत्तक घ्या दोन वर्षं. मग त्या कड्याची मागणी घेऊन गेलात तर परवानगी देणारेही वेगळ्या नजरेने बघतील.

धुकेरी

ठीक. दहाव्या वर्षीचा प्रश्न डोक्यात राहिला. मित्रांशी बोलतो.

दगडधोंडा

पायऱ्यांबद्दल कोणीच काही लिहिलं नाही म्हणून लिहितो, माझा जीव त्यात अडकलाय. जिथे वाट तीव्र चढाने न्यायलाच लागते आणि वळवायला जागा नाही तिथे दगडी पायरी. सिमेंट नको, सिमेंट भेगाळतं, खालून पाणी माती नेतं आणि वरचा थर पोकळ राहतो. एका ठिकाणी मोठ्या खर्चाने केलेल्या सिमेंटच्या पायऱ्या तिसऱ्या वर्षी लोंबकळताना पाहिल्यात.

कोरडी रचाई करायची. दगड हलवता येईल त्यातला मोठ्यात मोठा निवडायचा, ज्याला दोघा तिघांना पहार लावावी लागते असा. दिसतो त्यापेक्षा जास्त भाग जमिनीत गेला पाहिजे. खालची पायरी आधी बसवायची, वरच्या पायरीचा पुढचा भाग तिच्या मागच्या भागावर टेकला पाहिजे, म्हणजे एकमेकींना धरून राहतात. उंची १५ ते २० सेंटीमीटर. जास्त ठेवली की लोक पायरी सोडून बाजूने जातात आणि शेजारी नवीन घळ तयार होते, म्हणून पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना मोठे ओबडधोबड दगड टाकावे लागतात. बसवल्यावर त्यावर उभं राहून नाचून बघा, जरासुद्धा डुगडुगली तर काढून परत बसवा. आमच्या तिघांच्या दिवसभरात तीन पायऱ्या झाल्या तर आम्ही खूश असतो.

नॉर्वेत गेली वीसेक वर्षं नेपाळहून शेर्पा कारागीर जाऊन डोंगरात दगडी पायऱ्यांच्या वाटा बांधतायत, त्यांचं काम फोटोत बघितलं तरी कळतं की दगडाची कुठली बाजू वर यायला हवी हे हाताला कळावं लागतं. इंग्लंडमध्ये पेनाइन वे या लांब पायवाटेवर दलदलीच्या पट्ट्यात पाडलेल्या जुन्या गिरण्यांच्या फरशा टाकल्यात. लोक आधी चिखल टाळायला पसरत जायचे आणि दलदल लांबवर तुडवली जायची, फरशा आल्यावर सगळे एका रेषेत चालायला लागले आणि बाजूचं परत हिरवं झालं.

हिरवीफांदी

दगडधोंडा, सुंदर लिहिलंत. फक्त दगड कुठून आणायचे तेही सांगा, कारण लोक वाटेशेजारचेच उपटतात आणि तिथे खड्डा पडतो, शिवाय दगडाखाली किती जीव राहतात.

दगडधोंडा

बरोबर. वाटेवरून दिसणार नाही अशा जागेहून, शक्यतो वरच्या बाजूहून, आणि एकाच ठिकाणचे सगळे नाही. खड्डा बुजवून पानं पसरायची. आणि वरून दगड आणताना खाली एकही माणूस नको, हा नियम कोणासाठीही मोडायचा नाही.

कातळकडा

सुरक्षेचं निघालंच आहे तर, चिखलपाय, पुढच्या वेळी हे बघा. अवजार खांद्यावर घेऊन चालायचं नाही, हातात, शरीराच्या बाजूला, उताराच्या दिशेच्या हातात. म्हणजे घसरलात तर ते तुमच्यापासून लांब टाकून देता येतं. काम करताना दोघांत निदान दहा फूट अंतर. कोणाच्या मागून जायचं असेल तर आधी आवाज द्यायचा, त्याने थांबून बघितल्यावरच जायचं. डोळ्याला चष्मा, पायात जाड बूट. दुपारनंतर हात थकतात आणि अपघात तेव्हाच होतात, त्यामुळे शेवटचा तास हलक्या कामाला ठेवा. एक जण प्रथमोपचार जाणणारा हवाच.

आणि निघताना अवजारं आणि बूट घासून माती काढा. न्यूझीलंडमध्ये कौरीची प्रचंड जुनी झाडं मातीतल्या एका रोगाने मरतायत, आणि तो बुटांच्या मातीतून पसरतो म्हणून तिथे कित्येक वाटा बंद कराव्या लागल्या. एका डोंगरावरचं दुसऱ्यावर नेऊ नका.

संथचाल

मी वय ६७, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालीय. हे सगळं वाचून फार वाटतं की काही करावं पण पहार उचलणं आता शक्य नाही. माझ्यासारख्याला काही काम असतं का? उगाच मधे मधे नको म्हणून विचारते.

पहारवाला

ताई, तुमच्यासारख्या माणसाची आम्हाला नेहमी गरज लागते. कॅनडात ब्रूस ट्रेल आहे, १९६७ पासूनची, ९०० किलोमीटरच्या आसपास, तिथे प्रत्येक तुकड्याला एक ट्रेल कॅप्टन असतो. त्याचं मुख्य काम काय, आपला तुकडा वर्षातून काही वेळा चालायचा आणि कुठे झाड पडलंय, कुठली खूण पुसट झालीय, कुठे पाणी वाटेवर आलंय हे लिहून कळवायचं. आमच्याकडे हातांची कमी नाही, पण कुठे जायचं ते सांगणारे डोळे कमी आहेत.

वाट सोपी असेल तर रिमझिम पावसात जा, कोणाला तरी बरोबर घेऊन, काठी घेऊन. कोरड्या दिवशी दहा अनुभवी लोकांना जे कळत नाही ते पावसात पाचव्या मिनिटाला दिसतं, पाणी कुठून वाटेवर येतं, कुठे बाहेर जातं, कुठल्या चराला ओलांडून पळतं. फोटो आणि पावलांचा अंदाज, एवढंच द्या.

संथचाल

हे मला जमेल. मनापासून आभार. लगेच विचारते गटाला.

रानवाटा

खुणांचा एक मुद्दा राहिला. कृपया स्वतःच्या मनाने दगडांवर बाण रंगवू नका. अपालेशियन ट्रेलवर एकच खूण, पांढरी पट्टी, ५ बाय १५ सेंटीमीटर, आणि एकावर एक दोन पट्ट्या असल्या तर पुढे वळण आहे असा अर्थ. नॉर्वेत लाल रंगातलं इंग्रजी टी (T) अक्षर. पद्धत एकच असल्यामुळे धुक्यातही माणूस विश्वास ठेवू शकतो. आमच्या इथल्या एका फाट्यावर तीन रंगांचे बाण तीन दिशांना आहेत, आणि त्यामुळे माणसं खरोखर चुकलीत. हौसेने रचलेल्या दगडांच्या उतरंडींचंही तेच.

चिखलपाय

मंडळी, परत आलो. परवा दुसऱ्यांदा गेलो, आणि पहारवाल्यांचं वाचून आम्ही तिघं आदल्या संध्याकाळी पाऊस चालू असतानाच वाटेवर गेलो होतो. गेल्या महिन्यात साफ केलेले २३ चर मोजले. १९ व्यवस्थित वाहत होते, म्हणजे वरून गढूळ धार येते, चरापाशी वळते, आणि त्याच्या खाली वाट नुसती ओली, धार नाही. मी एका चरापाशी कितीतरी वेळ उभा राहिलो ते बघत. हे मी माझ्या हाताने केलंय हे कळलं तेव्हा काय वाटलं ते लिहिता येत नाही.

तीन भरले होते, ते दुसऱ्या दिवशी काढले, तोंडं रुंद केली. वरंबी पण काढली साधारण ४० पावलं, नेणाऱ्यांना विचारून. एक चर मात्र कळत नाही. साफ आहे, तोंड मोकळं आहे, तरी पाणी त्याला ओलांडून सरळ खाली जातं. त्याच्या वर पंधरा पावलांवर वाट वळते आणि तिथे चढ अचानक वाढलाय. काय करावं?

कातळकडा

चर जरा उशिरा आहे. पाणी तिथे पोचेपर्यंत वेगात आलंय, त्याला वळणं जमत नाही. वळणाच्या लगेच वर, जिथे चढ अजून कमी आहे, तिथे एक खोलगट दार करून बघा, म्हणजे वेग धरायच्या आतच बाहेर जाईल. खालचा चर बुजवू नका, दोन्ही राहू देत. आणि वळणावर आतल्या बाजूने लोकांनी शॉर्टकट पाडलाय का बघा, बऱ्याचदा पाणी तिथूनच येतं.

चिखलपाय

शॉर्टकट आहे! फोटोत दिसतोय, आधी लक्षातच आलं नव्हतं. त्याला काय करतात, नुसत्या फांद्या टाकल्या तर लोक बाजूला करतात.

हिरवीफांदी

नुसत्या नाही. आधी त्याची घट्ट झालेली माती कुदळीने उकरा, त्यावर उतारावर आडवे असे दगड अर्धे पुरून दोन तीन ठिकाणी बसवा म्हणजे पाणी थांबेल आणि माती धरेल, मग गवताची ढेकळं लावा आणि वरच्या तोंडाशी काटेरी झुडपाच्या फांद्या रोवा, नुसत्या ठेवू नका. वरून खालची वाट दिसायला नको, दिसली की माणूस उतरतोच. पुढचा रविवार कधी आहे तुमचा? मी येते, गवत कुठून काढायचं ते जागेवर बघून ठरवू.

पहारवाला

मी पण. दोन पहारी आणि मॅक्लाउड आणतो.